हातांचं कोल्हापूर: पुतळे आणि रोजची माणसं एकाच विषयात कशी टिपायची

कोल्हापुरात फोटोला विषयांची कमी नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे. रविवारी सकाळी कॅमेरा गळ्यात अडकवून निघालेला माणूस रंकाळ्यावर शालिनी पॅलेस काढतो, भवानी मंडपाची कमान काढतो, मिसळीचा लालभडक कट काढतो, चप्पल लाइनीत टांगलेल्या चपलांच्या माळा काढतो. दुपारी घरी येऊन बघतो तर फोटो सगळे बरे आहेत, पण त्यातला आपला म्हणावा असा एकही नाही. तेच कोन आणि तेच रंग भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आधीच छापून आलेले असतात.

यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे विषय बांधून घेणं. शहरातली सार्वजनिक कला, म्हणजे चौकातले पुतळे, स्मारकं, रंगवलेल्या भिंती, एका बाजूला. तिच्याखालून रोज जाणारी-येणारी, काम करणारी माणसं दुसऱ्या बाजूला. दोन्हींना लागू पडेल असा एकच विषय घ्यायचा आणि काही महिने त्याच्याबाहेर जायचं नाही. पुतळ्याचा नुसता फोटो शंभर जणांनी काढलेला असतो. पुतळ्याला जिवंत माणसानं दिलेलं उत्तर मात्र त्या दिवशी तिथं उभ्या असलेल्यालाच मिळतं.

विषय कसा निवडायचा

विषय डोळ्यांना दिसणारा हवा, त्याच्यावर बोट ठेवता आलं पाहिजे. ‘संस्कृती’, ‘परंपरा’, ‘रांगडेपणा’, ‘जगात भारी’ हे विषय नव्हेत, ते फ्लेक्सवरचे शब्द आहेत. त्यांच्याखाली काहीही खपतं, म्हणून त्यांचा गाळणी म्हणून उपयोग होत नाही.

घोडा घ्या. कावळा नाक्यावर ताराराणींचा अश्वारूढ पुतळा आहे, शिवाजी विद्यापीठाच्या आवारात शिल्पकार बी. आर. खेडकरांनी घडवलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. पुतळ्यांची बाजू भक्कम. पण खरा घोडा रोज कुठं दिसणार? मिरवणुकीत, वरातीत, संपलं. पाणी घेतलं तर रंकाळा, पंचगंगा घाट, कोटितीर्थ सगळं हाताशी आहे, पण दोन आठवड्यांत तुम्ही सूर्यास्त काढायला लागाल याची मला खात्री आहे. तांबडा रंग हा चांगला विषय आहे: आखाड्याची माती, जोतिबाचा गुलाल, रस्सा, एसटी. ज्यांना रंगावर काम करायचंय त्यांनी तो जरूर घ्यावा.

या लेखासाठी मी ‘हात’ धरलाय. हात पुतळ्यालाही असतो आणि चौकात भाजी विकणाऱ्या मावशीलाही असतो. हाताच्या फोटोत चेहरा नसला तरी चालतं, त्यामुळे लाजाळू छायाचित्रकाराची अर्धी भीती जाते. आणि हे गाव हातानं काम करणाऱ्यांचं आहे, त्यामुळे माल संपत नाही.

विषय पक्का करण्याआधी एक चाचणी घ्या. कागदाचे दोन रकाने करा. डावीकडे त्या विषयाच्या सार्वजनिक कलेच्या दहा जागा लिहा, उजवीकडे जिवंत दहा. पंधरा मिनिटांत एक बाजू पाचावरच अडकली तर विषय सोडून द्या. बाजू नंतर भरेल असं वाटतं, पण ती भरत नाही.

डावा रकाना: पुतळ्यांची फेरी

पहिली फेरी मोबाइल खिशात ठेवून, चालत करा. गाडीवरून पुतळा दिसतो, पुतळ्याचा हात दिसत नाही. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी वहीत टिपा: पुतळ्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे, हात काय करतोय, आणि चौथऱ्याच्या आसपास कुणाचं रोजचं बसणं-उठणं आहे. दिशा महत्त्वाची, कारण तिच्यावरून उजेडाची वेळ ठरते.

शिवाजी चौकातून सुरुवात करावी. आज जिथं शिवाजी महाराजांचा पुतळा आहे, तिथं पूर्वी ब्रिटिश गव्हर्नर लेस्ली विल्सनचा पुतळा होता. स्वातंत्र्यलढ्याच्या काळात त्याच्यावर हल्ले झाले, आणि १९४५ साली त्या जागी कलामहर्षी बाबूराव पेंटरांनी घडवलेला महाराजांचा पुतळा उभा राहिला. एका हातानं तोडलेलं आणि दुसऱ्या हातानं घडवलेलं, असा इतिहास या चौकाला आहे. फोटोओळ लिहिताना हे उपयोगी पडेल.

तिथून बिंदू चौक. महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे इथं ९ डिसेंबर १९५० ला बसवले गेले, भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं आणि बाबासाहेब हयात असताना. विषय ‘हात’ घेऊन इथं पोचलात की क्षणभर अडायला होतं, कारण हे अर्धपुतळे आहेत. पण मला ही जागा या फेरीतली सगळ्यात श्रीमंत जागा वाटते. पुतळ्याला हात नाही म्हटल्यावर हात बाहेरून येतात. ११ एप्रिल, १४ एप्रिल, ६ डिसेंबर या दिवशी हार घालायला टाचा उंचावून वर गेलेले हात, लेकराला खांद्यावर घेऊन त्याच्या हातात फूल देणारे हात, मेणबत्तीभोवती वारा अडवणारे तळवे. आणि एरवीच्या दिवशी भल्या सकाळी जाऊन चौक जागा होताना बघा. गर्दी नसते, झाडलोट चाललेली असते, हातगाड्या लागत असतात. जयंतीचा फोटो वर्तमानपत्रात येणारच आहे, साध्या मंगळवारचा तुम्हीच काढायचाय. शिवाजी पेठेत निवृत्ती चौकात ‘अर्धा शिवाजी’ म्हणून ओळखला जाणारा पुतळा आहे, तिथंही हेच गणित चालतं.

दसरा चौकात राजर्षी शाहू महाराजांचा पूर्णाकृती पुतळा आहे. आजूबाजूला शाहूकाळातल्या विद्यार्थी वसतिगृहांचा परिसर आहे, त्यामुळे पुस्तक धरलेले, दुचाकीला किक मारणारे, चहाचा ग्लास दोन बोटांत तोलणारे तरुण हात फुकटात मिळतात. शिवाय शाही दसऱ्याला सोनं लुटायला याच चौकात गर्दी होते. आपट्याची पानं देणारे आणि घेणारे असे दोन हात एका चौकटीत आणायला वर्षातली यासारखी दुसरी संध्याकाळ नाही.

खरी कॉर्नरचा कॅमेरा मानस्तंभ अजिबात चुकवू नका. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतः सिनेकॅमेरा घडवला, त्यांच्या आठवणीसाठी हा स्तंभ आहे. त्याच्याखाली उभं राहून कुणीतरी मोबाइल उंच धरून सेल्फी काढत असतं. स्तंभावरचा कॅमेरा वर आणि तळहाताएवढा कॅमेरा खाली. जोडी आयती आहे, फक्त थांबायची तयारी हवी.

उजेड

पुतळ्यांना सकाळचं आणि संध्याकाळचं तिरपं ऊन लागतं हे सगळे सांगतात. कोल्हापूरपुरतं थोडं जास्त सांगतो. आपण साधारण १६.७ उत्तर अक्षांशावर आहोत, त्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गडप होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातही तसंच, पण तेव्हा ढग असतात. अशा उन्हात फेट्याची किंवा कपाळाची सावली पुतळ्याच्या डोळ्यांवर पडते आणि खोबणी काळ्या होतात. पुढं आलेला हात मात्र वरून लखलखतो. योगायोग असा की शाहू महाराजांचा स्मृतिदिन ६ मे रोजी येतो, म्हणजे अगदी याच दिवसांत. त्या दिवशी दसरा चौकात जायचं तर सकाळी लवकर जा. दुपारी पोचलातच तर चेहरा सोडून द्या आणि वरून उजळलेल्या हाताकडे, हाराकडे वळा.

तोंड पूर्वेला असलेला पुतळा सकाळी काढायचा, पश्चिमेला असलेला संध्याकाळी, आणि उत्तरेकडे तोंड असलेला ढगाळ दिवशी. वहीतल्या दिशेचा उपयोग इथं होतो. जूनच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत पावसात भिजलेला धातू काळाशार चमकतो, हातावरून पाणी ओघळतं, बोटांच्या टोकाशी थेंब लोंबतात. पुतळे काढायला माझ्या मते हाच मोसम सर्वांत चांगला, फक्त आपल्याकडे तेव्हा सगळे कॅमेरे कपाटात असतात. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी, लेन्सपुढं भोक, रबरबँड आणि खिशात सुती रुमाल, एवढ्यावर भागतं. घरी आल्यावर कॅमेरा लगेच बॅगेत कोंबू नका, पंख्याखाली वाळू द्या.

अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या दिवसांत, म्हणजे नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि जानेवारी संपताना, मावळतीचं ऊन महाद्वारातून सरळ आत जातं. गाभाऱ्याच्या फोटोचा नाद सोडा, आत मोबाइल-कॅमेऱ्याला परवानगी नसते. पण तेच ऊन बाहेर महाद्वाराशी जोडलेल्या हातांवर, ओटीच्या ताटांवर, फुलांच्या पाट्यांवर पडलेलं असतं. सगळं गाव आत बघत असताना तुम्ही बाहेर बघा.

पुतळा काढताना

पुतळे बहुतेक काळपट आणि पाठीमागं पांढरं आभाळ. कॅमेरा आभाळाला भुलतो आणि पुतळ्याचा नुसता काळा आकार उरतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ-गडद करायची सोय, अधिक १ पर्यंत न्या. मोबाइलवर पुतळ्याच्या अंगावर बोट टेकवा आणि बाजूला येणारी सूर्याची खूण वर सरकवा. आभाळ पांढरं पडलं तर पडू दे. मात्र नुसता हातच चौकटभर घेतलात तर उलटं होतं: सगळीकडे काळं दिसल्यानं कॅमेरा त्याला करडं करायला बघतो आणि धातूचा गडदपणा जातो. तेव्हा उणे ०.७ च्या आसपास आणा. हे दोन प्रसंग ओळखता आले की पुतळ्याच्या एक्स्पोजरचं निम्मं काम झालं.

दुसरी गोष्ट अंतराची. चौथऱ्याच्या पायथ्याशी उभं राहून मोबाइल वर केला की घोड्याचं पोट ढोलाएवढं आणि स्वाराचं डोकं वाटाण्याएवढं येतं. चौथरा धरून पुतळ्याची जेवढी उंची, तिच्या दुप्पट-तिप्पट मागं सरका आणि झूम वापरा. मोबाइलला २ पट किंवा ३ पट लेन्स वेगळी असेल तर ती, कॅमेऱ्याला ५५-२५० किंवा ७०-२०० मिलिमीटरची लेन्स पुरते. कावळा नाक्यावर हे फार जाणवतं. घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत आहेत, सगळा तोल मागच्या पायांवर. जवळून काढला तर तो तोल हरवतो, लांबून बाजूनं काढला तर दिसतो. तिथं वाहतूक बेफाम असते, त्यामुळे रस्त्याच्या मधोमध उभं राहून झूम करण्याचा पराक्रम नको. फुटपाथवरून, दुकानाच्या पायरीवरून, समोरच्या इमारतीच्या जिन्यातून परवानगी घेऊन काढा. पहिल्या मजल्याची उंची मिळाली तर पुतळ्याचा हात डोळ्यांच्या पातळीवर येतो आणि फोटोच बदलून जातो.

वायरी, सिग्नल, फ्लेक्स यांचं काय करायचं? माझं मत, फ्लेक्स राहू द्यावा. हल्ली मोबाइलमध्ये बोट फिरवून वायर पुसता येते, वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे सत्तावीस चेहरे गायब करता येतात. पण फ्लेक्सशिवाय कोल्हापूरचा चौक ही कुणालाही न पटणारी गोष्ट आहे. त्यातून विषय हात असेल तर फ्लेक्सवर नमस्कार करणारे, बोट दाखवणारे, गॉगल सावरणारे हात किती असतात ते मोजून बघा. फुटबॉल विश्वचषकाच्या दिवसांत तर परदेशी खेळाडूंचे कटआउट उभे राहतात, हात पसरून. पुतळा आणि फ्लेक्स यांच्यातला विनोद ज्याला दिसतो त्याला हे शहर दिसलं. नको असलेली वायर पाऊलभर डावी-उजवीकडे सरकून पुतळ्याच्या काठामागं लपवता येते, बहुतेक वेळा तेवढंच पुरतं.

प्रत्येक पुतळ्याचे तीन फोटो घरी आलेच पाहिजेत: लांबून चौकासकट, मध्यम अंतरावरून कमरेपासून वर, आणि नुसता हात. जोड्या लावायला बसलं की नेमका न काढलेला फोटो हवा असतो.

उजवा रकाना: काम करणारे हात

इथं वेळ द्या, कारण खरा माल इथंच आहे.

आधी विचारायचं कसं ते. हातांचा फोटो असला तरी विचारायचं. आडून, गर्दीतून चोरून काढलेला हात फोटोतही चोरल्यासारखाच दिसतो. “मामा, काम चालू असू दे, हातांचे दोन फोटो काढू का? तोंड येणार नाही,” असं म्हटलं की पेठेतलं उत्तर ठरलेलं: “का, तोंडाला काय झालंय आमच्या?” मग हसा, तोंडाचाही एक काढा, दाखवा आणि पुन्हा हातांकडे या. पहिले दहा-बारा फोटो वाया जातात असं धरून चाला. त्या वेळात माणूस कॅमेऱ्यासाठी काम करत असतो, नंतर कामासाठी करायला लागतो. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांना विचारल्याशिवाय बटण दाबू नका.

तालीम. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा जुन्या तालमींची नावं बाहेरच्यांनाही माहीत असतात. आधी वस्तादांना भेटा, पैलवानांना नव्हे. चपला बाहेर काढा, आखाड्याच्या मातीत पाय टाकू नका, मारुतीला नमस्कार करा. महिला छायाचित्रकारांनी आदल्या दिवशी विचारून ठेवलेलं बरं, प्रत्येक तालमीची रीत वेगळी असते. पहाटेच्या सरावाला उजेड म्हणजे एखादी खिडकी आणि दोन ट्यूबलाइट. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, १६०० ते ३२०० लागेलच, दाणे दिसले तरी मातीच्या फोटोला ते शोभतात. फ्लॅश नको, सराव करणाऱ्याच्या डोळ्यांत गेला तर दुखापत व्हायची. एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा: आपली वीज ५० हर्ट्‌झची आहे, त्यामुळे ट्यूब किंवा स्वस्त एलईडीखाली कॅमेऱ्याचा आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर वापरला की फोटोवर आडवे पट्टे येतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलात तर पट्टे जातात, पण शड्डू ठोकणारा हात धूसर येतो. हात गोठवायचा तर १/५०० लागतं, मग यांत्रिक शटर वापरा आणि खिडकीकडची बाजू पकडा.

शड्डूचा फोटो काढताना बरेच जण हात मांडीवर आपटण्याच्या क्षणाला धरू बघतात. तो क्षण दिसायला सपाट असतो. त्याच्या किंचित आधी हात उंच गेलेला, पंजा उघडा, बोटांना लाल माती चिकटलेली, मनगटावरच्या काळ्या दोऱ्यावरही माती, आणि आवाजाच्या अपेक्षेनं समोरच्याचे खांदे आखडलेले. तो क्षण घ्या. हातसलामीचा फोटो सोपा आहे, माती उचलून एकमेकांच्या तळहातावर देताना दोघंही क्षणभर थांबतात. खासबागेत मैदान असेल तेव्हा हाच फोटो मोठ्या गर्दीसमोर मिळतो. १९१२ साली पूर्ण झालेलं हे मैदान खोलगट आहे, म्हणून वरच्या पायऱ्यांवरून काढलेल्या फोटोत पाठीमागं आभाळाऐवजी माणसंच माणसं येतात.

कुंभार. जून ते ऑगस्ट गंगावेस, शाहूपुरीची कुंभार गल्ली, बापट कॅम्प इथं गणपतीचं काम चालू असतं. हात या विषयाला इथं लॉटरी लागते, कारण मूर्तीचे पुढं आलेले हात बहुतेक वेळा वेगळ्या साच्यातून काढून नंतर जोडतात. एखाद्या फळीवर नुसते हातच वाळत ठेवलेले दिसतात, तळवा पुढं, आशीर्वादाच्या मुद्रेत, रंग अजून लागलेला नाही. मागं कारागीर ओल्या बोटानं मूर्तीच्या खांद्याचा सांधा पुसत असतो. त्याच्या नखांत शाडू वाळून पांढरा झालेला असतो. खिडकीच्या बाजूनं, लेन्सचं छिद्र, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, एफ ४ ते ५.६ ठेवून काढा, म्हणजे फळीवरचे हातही ओळखू येतील आणि कारागिराचाही. डोळ्यांची आखणी चाललेली असताना मात्र बोलू नका, हलू नका, त्या माणसाच्या कोपराला धक्का लागेल इतकं जवळ तर जाऊच नका.

चपला. चप्पल लाइनीत विक्री दिसते. हात बघायचे तर सुभाषनगर, जवाहरनगरच्या बाजूला, घराघरांत जावं लागतं. रापीनं कातडं कापणं, आरीनं भोक पाडणं, वेणी घालणं. वेणीचं बारीक काम बऱ्याच घरांतून बायका करतात, आणि दुकानातल्या फोटोंत त्या कधीच येत नाहीत. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून. फोटोओळीत हे लिहायला हरकत नाही, पण वेणी घालणाऱ्या अंगठ्याला पडलेला घट्टा फोटोत आला तर ओळ लिहायचीही गरज उरत नाही.

गुऱ्हाळासाठी शहराबाहेर जावं लागतं, दिवाळीनंतरच्या हंगामात. काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला, रस आटत येतो तेव्हा गुळव्या थोडा पाक पाण्यात घेऊन दोन बोटांत त्याची गोळी वळून बघतो. गोळी जमली की काहील उतरायची. ही दोन बोटं काही सेकंदच दिसतात, आणि पाठीमागून वाफेचा डोंगर येत असतो. पहाटेच्या थंडीतून आत शिरल्याबरोबर लेन्सवर धुकं धरतं, म्हणून कॅमेरा आधीच बाहेर काढून दहा मिनिटं तिथल्या हवेला सरावू द्या. वाफेच्या पांढरेपणानं फोटो गडद येतो, अधिक ०.७ ठेवा. ऊन वाफेच्या पलीकडून येईल अशा बाजूला उभे राहा आणि काहिलीपासून लांब राहा. उकळता पाक अंगावर उडाला तर विषय ‘हात’च राहील, पण दवाखान्यातला.

बाकी गंगावेशीतलं संध्याकाळचं ताजं दूध, कपिलतीर्थ मंडईतली तराजूची पारडी, गुजरीतले सोनार, रिक्षावाल्यांचा मीटरवर टेकलेला हात, हे जाता-येता होतं. त्याला वेगळी मोहीम नको.

जोडी लावणं

महिन्या-दोन महिन्यांत दोन्ही बाजूंचे फोटो जमले की चार बाय सहाच्या स्वस्त प्रिंट काढा आणि घरातल्या फरशीवर पसरा. मोबाइलच्या पडद्यावर जोडी सापडत नाही, कारण तिथं एका वेळी एकच फोटो दिसतो.

जोडी अर्थानं लावू नका, आकारानं लावा. ‘शौर्य आणि कष्ट’ असं ठरवून पुतळ्याशेजारी हमाल ठेवला की बघणाऱ्याला उपदेश ऐकल्यासारखं होतं. त्याऐवजी गणपतीचा उघडा तळवा आणि दसरा चौकात गाड्या थांबवणाऱ्या वाहतूक पोलिसाचा उघडा तळवा शेजारी ठेवून बघा. एक अभय देतोय, दुसरा दम देतोय, आकार मात्र तोच. अश्वारूढ पुतळ्याचा लगामाचा हात आणि त्याच पुतळ्याखाली सिग्नलला थांबलेल्या मोपेडवाल्या आजींचा हँडलवरचा हात. अर्धपुतळ्याचा खांदा जिथं संपतो तिथून पुढं दुसऱ्या फोटोत हार घेऊन वर जाणारा हात सुरू होईल, अशी रेषा जुळवून बघा.

दिशा सांभाळा. डाव्या फोटोतला हात उजवीकडे जात असेल तर उजव्यातला त्याच्याकडे यावा, नाहीतर दोघं भांडल्यासारखे पाठ फिरवून बसतात. उजेडही एकाच बाजूनं असला तर बरं. रंग फार वेगळे पडत असतील तर दोन्ही कृष्णधवल करा, पण सगळी मालिका कृष्णधवल करण्याआधी विचार करा. आखाड्याची माती करडी केलीत की कोल्हापूरचं निम्मं गेलं.

पुतळा आणि माणूस एकाच चौकटीत येण्याची वाट बघणं हा दुसरा मार्ग, आणि जास्त कठीण. जागा ठरवा, पुतळा चौकटीच्या एका तृतीयांशात बसवा, छिद्र एफ ८, शटर १/२५० च्या वर, आणि माणसाला चौकटीत येऊ द्या. माणसाचा पाठलाग करायचा नाही. खरी कॉर्नरला सेल्फीवाल्यासाठी असंच थांबावं लागतं.

चार-पाच जण मिळून करायचं असेल तर

एकाच विषयावर मित्रमंडळींनी मिळून काम केलं तर मजा दुप्पट होते, भांडणंही होतात. आधीच ठरवून घ्या: सगळ्यांनी आडवे फोटो की उभे, रंगीत की कृष्णधवल, जोडी एकाच माणसाची हवी की एकाचा पुतळा आणि दुसऱ्याचा हात चालेल. मला शेवटचा प्रकार जास्त आवडतो, कारण त्यात कुणाचाच फोटो एकट्यानं पुरा होत नाही. जागा वाटून घेऊ नका. पाचही जण बिंदू चौकात गेले तरी पाच वेगळे हात घेऊन येतात, आणि नाही आले तर तेही लगेच कळतं. निवड मात्र स्वतःच्या फोटोंची स्वतः करू नये. प्रत्येकानं दुसऱ्याचे निवडायचे, आणि ‘तो फोटो काढायला किती थांबलो होतो’ हे निवड होईपर्यंत बोलायचं नाही.

बारा ते पंधरा जोड्या पुष्कळ झाल्या. प्रत्येकीखाली एक ओळ: जागा, महिना-वर्ष, काम. पुतळ्याच्या फोटोखाली शिल्पकाराचं नाव पक्कं माहीत असेल तर जरूर द्या, चौथऱ्यावरची पाटी त्यासाठीच वाचायची असते.

कायद्याचं थोडं

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचा फोटो काढायला आणि प्रसिद्ध करायला मोकळीक आहे, त्यानं शिल्पकाराच्या हक्काचा भंग होत नाही. भिंतीवरच्या चित्राला मात्र ही मोकळीक तशीच्या तशी लागू नाही. म्हणून रंगवलेल्या भिंतीचा फोटो विकायचा, दिनदर्शिकेवर किंवा जाहिरातीत छापायचा तर चित्रकाराला गाठून लेखी परवानगी घ्या. ओळखू येणाऱ्या माणसाचा चेहरा जाहिरातीत वापरायचा तर त्याचीही.

ज्यांचे हात काढले त्यांना प्रिंट नेऊन द्या. मोबाइलवर पाठवलेला फोटो चार दिवसांत गुड मॉर्निंगच्या ढिगाखाली जातो, प्रिंट दुकानाच्या काचेमागं लागते. पाच बाय सात मॅट कागद घ्या, तेलकट आणि मातीच्या हातांचे ठसे त्यावर कमी उठतात. कुंभारांकडे अनंत चतुर्दशी उलटल्यावरच जा, त्याआधी कुणाला मान वर करायला फुरसत नसते. तालमीत संध्याकाळचा सराव सुटताना जा, आणि जाताना पोट रिकामं ठेवा, कारण वस्तादांनी थंडाईचा तांब्या पुढं केला की नाही म्हणायची सोय नाही.